धून ओळखायची की ओठ वाचायचे? घरच्या बैठकीसाठी दोन खेळांची तुलना

गौरीचा जागर असो, कोजागिरीला गच्चीवर दूध आटत ठेवलेलं असो, नाहीतर मे महिन्यात पुण्या-मुंबईची पोरं घरी उतरलेली असोत. जेवणं आटोपली की प्रश्न एकच, आता खेळायचं काय? पत्ते काढले की चौघं-सहाजण गुंततात आणि बाकीचे मोबाईलमध्ये शिरतात. भेंड्यांत 'ळ' आला की गाणं थांबतं आणि वाद सुरू होतो. आमच्या घरी त्यामुळं ओळखायचे दोन खेळ चांगलेच रुजलेत. एकात गाण्याच्या सुरुवातीचे सूर वाजवायचे आणि गाणं ओळखायचं. दुसऱ्यात एकाच्या कानाला हेडफोन, त्यात मोठ्यानं गाणं, आणि समोरचा जे बोलतोय ते त्यानं नुसते ओठ बघून सांगायचं. दोन्ही भरपूर खेळून झालेत. माझा कल एकीकडं आहे, तो लपवत नाही. पण तुमच्या घरची माणसं वेगळी असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

कानगोष्टीचं आधी उरकून टाकतो, कारण कुणीतरी विचारणारच. ओळीनं सांगत गेलेली गोष्ट प्रत्येक तोंडी आखडत जाते आणि अनोळखी तपशील गळून त्या जागी ओळखीचे येतात, हे बार्टलेट नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच मांडून ठेवलंय. त्याची मजा शेवटच्या माणसानं तोंड उघडल्यावर येते आणि तोवर मधले सगळे नुसते बसून असतात. लहान मुलांना दोन-तीन फेऱ्या पुरतात. रात्रभर चालणारा तो खेळ नव्हे.

आता धून ओळखायचा खेळ. याच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे आणि कोल्हापुरात तर जास्तच. गाणं हा या गावाचा जुना विषय. अल्लादिया खाँसाहेब इथल्या दरबारचे गायक, देवल क्लब ही गाण्याची जुनी संस्था इथली, सुधीर फडक्यांचा जन्म इथला, जगदीश खेबुडकर इथलेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. आमच्याकडची वडीलधारी माणसं सांगली आकाशवाणीवर वाढलेली. त्यामुळं एखादी जुनी धून वाजली की नुसतं गाणं ओळखून कुणी थांबत नाही. "हे खेबुडकरांचं," असं कुणीतरी म्हणतं, मग ते गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, कुणाच्या लग्नात बँडवाल्यानं वाजवलं, हे सगळं निघतं. चांगली रंगलेली फेरी म्हणजे निम्मा खेळ आणि निम्म्या आठवणी. साहित्यही फारसं लागत नाही. गाणी आधी उतरवून ठेवा म्हणजे ऐनवेळी जाहिरात मध्ये येत नाही, एवढंच.

तरीही माझं मन त्यावरून उतरलं, ते एका गोष्टीमुळं. धून वाजली की ज्याला येतं तो ओरडतो आणि खेळ तिथंच संपतो.

ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. पण प्रत्येक घरात असा एक गडी असतोच, ज्याला पहिल्या सुरालाच गाणं कळतं. आमच्याकडं थोरल्या काकांचा मुलगा तसा आहे. व्हायोलिनचा पहिला तुकडा पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर बाहेर. तो हुशार आहे, त्याचं कौतुकही आहे. पण त्याच वेळी आत्ती कपाळाला बोट लावून "थांबा, थांबा, आलं बघा, आलं…" म्हणत असते. गाणं तिच्या अगदी जिभेवर आलेलं असतं. तेवढ्यात उत्तर कानावर आदळतं आणि तिचा चेहरा पडतो. असं दोन-चारदा झालं की ती "मी चहाचं बघतो," म्हणून उठते. मग दुसरी काकी उठते. बघता बघता खेळ तिघांचा होतो आणि बाकीचे प्रेक्षक.

यावर उपाय करून बघितले. हात वर करायचा नियम केला, तर हात आणि तोंड एकदमच वर जातं. चिठ्ठीवर लिहायला लावलं, तर बैठकीला परीक्षेची कळा आली. शिवाय ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांची पंचाईत. आळीपाळीनं दोन टीमना पाळी दिली, तर ज्याची पाळी नाही तो ओठ चावत बसतो आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच निम्मं उत्तर फुटतं. यातला शेवटचा उपाय त्यातल्या त्यात बरा, पण मूळ दुखणं राहतंच. हा माहितीचा खेळ आहे. ज्याच्याकडं माहिती जास्त तोच जिंकणार, आणि तो दर वेळी तोच असणार.

दुसरी बाजू तात्यांची. त्यांना कमी ऐकू येतं, यंत्र लावतात. वयानं कान मंदावतात तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला खालचा, भरदार आवाज जवळपास नसतोच. तो जे ऐकवतो ते मधलं आणि वरचं. म्हणजे तात्यांना जे ऐकू येतं ते मोबाईल देत नाही, आणि मोबाईल जे देतो त्यातलं बरंचसं तात्यांपर्यंत पोचत नाही. मोठा स्पीकर जोडल्यावर फरक पडला, हे खरं. पण सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांतच सगळं उरकतं म्हटल्यावर त्यांना गाणं लागलंय हे कळेपर्यंत दुसरं सुरू झालेलं असतं. जुन्या गाण्यांची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच, आणि खेळाबाहेर तेच.

ओठ वाचायच्या खेळात हे सगळं उलटं होतं. ज्याच्यावर राज्य त्या एकाला सोडून बाकी सगळ्यांना उत्तर माहीत असतं. बोलायचं वाक्य चिठ्ठीवर असतं, ती सगळ्यांनी वाचलेली, हेडफोनवाला तेवढा अंधारात. त्यामुळं खेळत दोघंच असले तरी गुंतलेले सगळे असतात. कुणी आधी ओरडून खेळ संपवू शकत नाही, कारण ओरडलं तरी ते त्याला ऐकूच जात नाही. हुशार पोराचं आणि आत्तीचं पारडं इथं सारखं. दोघंही तितकेच चुकतात आणि ते चुकणंच सगळ्यांना हवं असतं.

ते चुकतात कसे, हे जवळून बघण्यासारखं आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. बघणाऱ्याला फरक कळायला जागाच नाही. पाट, भात, माठ, बाद हे चारही शब्द समोरून एकच. वैनीनं चिठ्ठीवरचं वाचलं, 'पापड भाजला'. हेडफोन लावलेली आत्ती तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. दोनदा बघितलं, तिनदा बघितलं, आणि पूर्ण खात्रीनं म्हणाली, "बापट माजला!" आरशासमोर उभं राहून दोन्ही म्हणून बघा, आत्तीचं काहीच चुकलं नव्हतं. मिसळ आणि पिसाळ यांचंही जवळपास तेच. उलट क, ख, ग, घ घशाजवळ तयार होतात, ओठांवर त्यांचा पत्ताच लागत नाही. म्हणून 'भवानी मंडप' बहुतेकांना चटकन येतं, ओठ ठळक मिटतात आणि उघडतात. 'रंकाळा' आणि 'ताराराणी चौक' भल्याभल्यांना येत नाहीत, कारण ओठ कुठं मिटतच नाहीत.

आपण रोजच थोडंफार डोळ्यांनी ऐकत असतो, हेही या खेळात लक्षात येतं. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आवाज 'बा'चा आणि चित्रातलं तोंड 'गा' म्हणणारं, असं दाखवलं की बऱ्याच जणांना 'दा' ऐकू येतं. कॉलेजातल्या पोरांना हे सांगितलं की लगेच मोबाईलवर करून बघायला बसतात.

आणि तात्या. यंत्रावर हेडफोन चढवला की यंत्र शिटी मारायला लागतं, त्यामुळं ते यंत्र काढून ठेवतात आणि हेडफोनशिवायच राज्य घेतात. आमच्यातले सगळ्यात तरबेज भिडू तेच निघाले. गेली कित्येक वर्षं ते न बोलता, न सांगता आमचे ओठ वाचत आले असणार. एका फेरीत त्यांनी ओळीनं सगळ्या चिठ्ठ्या ओळखल्या तेव्हा पोरांनी जो गलका केला, तो ऐकायला त्यांनी यंत्र परत कानात घातलं. माझा कौल त्या रात्री पक्का झाला.

कटकटी इथंही आहेत, त्या आधी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे आवाज. कानात दणका असला की माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ मध्ये हे लिहून ठेवलंय आणि त्याच्या नावानंच ते ओळखलं जातं. हेडफोनवाला आपलं उत्तर अक्षरशः बोंबलून सांगतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत घराला घर लागून आहे, तिथं रात्री अकरानंतर हा खेळ शेजारधर्माला धरून नाही. आम्ही दहाच्या आत आटपतो. बंगला असेल, शेतात घर असेल तर प्रश्नच नाही.

दुसरी, हेडफोनमधल्या गाण्याची पातळी. आवाज टिपेला न्यायची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी आहे. एका मिनिटाच्या डावानं काही बिघडणार नाही, पण सात-आठ वर्षांच्या पोराच्या कानाला लावायच्या आधी स्वतःच्या कानाला लावून बघावं. आवाज वाढवण्यापेक्षा गाणं नीट निवडलेलं बरं. आमच्या पोरांनी हौसेनं हलगीचं रेकॉर्डिंग लावलं होतं. दणदणीत होतं, पण ठोक्या-ठोक्यांच्या मधल्या फटीतून शब्द कानात शिरत होता. भरगच्च वाद्यमेळ आणि वर सतत गाणारा आवाज, असं काही असेल तर कमी आवाजातही बाहेरचं ऐकू येत नाही.

हेडफोन कान पूर्ण झाकणाराच हवा. कानात खुपसायचे इअरफोन दहाजणांत फिरवणं बरं नाही. कुड्या घातलेल्या असतील तर हेडफोन दाबतो आणि टोचतो, तेवढ्यापुरत्या काढून ठेवायला सांगा. झुपकेदार मिशीवाला पाहुणा बोलणारा म्हणून बसवू नका, वरचा ओठ दिसतच नाही. त्याला हेडफोन द्या. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडायला हवा. कोजागिरीला गच्चीवर नुसत्या चांदण्यात खेळायला घेतलं तर कुणालाच काही दिसत नाही. ट्यूब लावा आणि बोलणाऱ्याला तिच्यासमोर बसवा, पाठ करून नको.

याचा तयार डबाही बाजारात मिळतो, हेडफोन आणि कार्डांसकट. बघायला सुबक असतो. पण इंग्रजी वाक्यांची कार्डं आमच्या आज्जीच्या काय कामाची? घरचे हेडफोन आणि वहीची फाडलेली पानं पुरतात, आणि चिठ्ठ्या घरच्याच असल्या की रंगतही जास्त येते.

तर निवडायचं काय? घरात पेटी आहे, गाणारी माणसं आहेत, सगळ्यांचे कान शाबूत आहेत आणि उत्तरं देणारे साधारण एका तोलाचे आहेत, तर धून ओळखायचा खेळ घ्या. त्यातल्या आठवणी दुसऱ्या खेळात मिळणार नाहीत. पाहुणे नवखे असतील, नवी सून पहिल्यांदाच सगळ्यांत बसणार असेल, तरी त्यानं सुरुवात करणं सोपं जातं, कुणाच्या तोंडाकडं टक लावून बघायचा संकोच नसतो. पण आज्जीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत असतील आणि कुणी उठून चहाकडं जाऊ नये असं वाटत असेल, तर मी तरी हेडफोनच काढीन.

चिठ्ठ्या दुपारीच लिहून ठेवा आणि त्या पोरांना लिहू द्या. तीन ते पाच शब्दांच्या वर वाक्य नको. बेताल उत्तरं निघणारच, तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर भलतं काही निघेल असं वाक्य आधीच बाजूला काढा. सुरुवातीच्या दोन-चार चिठ्ठ्या प-ब-म वाल्या, सोप्या द्या म्हणजे भीड चेपते. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' चिठ्ठीत घालू नका, ते नुसत्या तोंडाच्या तालावरनं पहिल्या फटक्यात ओळखतात.