इन्कसमधील प्रोसेसर-मर्यादा: सोय मोठी, मेख एका टक्क्याच्या चिन्हात

एकाच लिनक्स यंत्रावर अनेक कंटेनर (प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारे कप्पे) चालवणाऱ्याला प्रोसेसरची वाटणी आज ना उद्या करावीच लागते. माझ्या आठ कोअरच्या (म्हणजे प्रोसेसरमध्ये आठ स्वतंत्र गणक असलेल्या) यंत्रावर एका कंटेनरमध्ये संकेतस्थळ आहे आणि दुसऱ्यात एफएफएमपेग या प्रोग्रॅमने व्हिडिओंचे रूपांतर चालते. दुसऱ्याने पहिल्याच्या तोंडचा घास पळवू नये, यासाठी मी इन्कस हा कंटेनर सांभाळणारा प्रोग्रॅम निवडला; तो २०२३ मध्ये एलएक्सडी या तशाच प्रोग्रॅमपासून वेगळा झाला.

यातली सर्वांत सरळ सोय म्हणजे कोअरची संख्या. ‘लिमिट्स डॉट सीपीयू’ या सेटिंगला २ दिले की चालू कंटेनरलाही ते लगेच लागू होते आणि आत कोअर मोजणाऱ्या ‘एनप्रॉक’ या आज्ञेला विचारल्यास उत्तर दोनच येते. हे दोन कोअर कोणते, ते इन्कस स्वतः ठरवतो. इथे तक्रारीला जागाच नाही.

खरी काळजी ‘लिमिट्स डॉट सीपीयू डॉट अलाउन्स’ वापरताना घ्यावी लागते, कारण या एकाच सेटिंगला दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. ‘५०%’ लिहिले तर ती सैल मर्यादा ठरते: यंत्र मोकळे असेल तर कंटेनर हवा तेवढा प्रोसेसर घेतो, आणि ओढाताण सुरू झाली की मगच त्याचा वाटा आखडतो. याउलट ‘२००एमएस/१००एमएस’ ही कडक मर्यादा आहे. दर १०० मिलिसेकंदांत दोन कोअरइतकाच वेळ मिळतो, मग बाकीचे यंत्र रिकामे का असेना. माझ्या मते या दोहोंना स्वतंत्र नावे असायला हवी होती.

कडक मर्यादेत आणखी एक गोष्ट आहे. प्रोग्रॅमला आठही कोअर दिसत राहतात, म्हणून तो आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडतो, २०० मिलिसेकंदांचा कोटा पहिल्या २५ मिलिसेकंदांतच संपवतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद तिष्ठत बसतो. सरासरी वापर ठीक दिसत असतानाही संकेतस्थळ मंद का, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. सीग्रुपच्या (लिनक्समधल्या वाटणी सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) ‘सीपीयू.स्टॅट’ फाइलमधला ‘एनआर_थ्रॉटल्ड’, म्हणजे कोटा संपल्याने किती वेळा थांबावे लागले, हा आकडा झपाट्याने वाढत असेल, तर कोअरची संख्याही सोबत बांधून द्यावी.

व्हिडिओच्या कंटेनरला मी शेवटी ‘२०%’ दिले आणि संकेतस्थळाला काहीच बंधन घातले नाही. रात्री वर्दळ थांबली की रूपांतर आठही कोअर वापरते आणि सकाळी आपसूक मागे सरते. कंटेनर भाड्याने देणाऱ्यांना मात्र ही सैल मर्यादा पुरणार नाही. त्यांनी कडकच निवडावी.