‘शिकागो’ बघायचं, पण कुणाचं? स्टारच्या आठवड्यातलं की नेहमीच्या नटसंचाचं?

न्यूयॉर्कला निघालेल्या ओळखीच्यांकडून हा प्रश्न मला अधूनमधून येतो. ब्रॉडवेवरचं ‘शिकागो’ हे संगीत नाटक बघायचं नक्की असतं, अडतं ते तारखेवर. मोठ्या नावाची पाहुणी रॉक्सी, म्हणजे नाटकाची नायिका, करणार आहे तो आठवडा गाठायचा, की ती गेल्यावर नेहमीच्या मंडळींचा प्रयोग बघायचा? गोष्ट आणि गाणी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो, २००२ चा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. मी हे नाटक पाच वेळा पाहिलं, दोनदा स्टारसह आणि तीनदा तिच्याशिवाय. पाच प्रयोगांवरून नियम काढू नये हे मान्य. माझा कल मात्र ठरला आहे.

नटसंच इतका बदलता राहू शकतो याचं कारण १९७५ च्या नाटकाच्या या पुनरुज्जीवनाच्या बांधणीतच आहे. १९९६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सिटी सेंटर नाट्यगृहातल्या ‘एन्कोअर्स’ या जुन्या संगीत नाटकांच्या मालिकेत ते मोजक्या प्रयोगांपुरतं, जवळजवळ मैफलीसारखं झालं. नेपथ्य नाहीच म्हणा ना. सोनेरी चौकटीत बसलेला वाद्यवृंद, काही खुर्च्या, एक-दोन शिड्या, काळे कपडे आणि मूळ नाटकाचा दिग्दर्शक-नृत्यरचनाकार बॉब फॉसी याच्या शैलीतलं अॅन राइनकिंगचं नृत्य. तोच साधेपणा घेऊन १४ नोव्हेंबर १९९६ ला ते रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये आलं. १९७५ चं मूळ नाटकही याच थिएटरात झालं होतं, फक्त तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. २००३ पासून मुक्काम अँबॅसेडर थिएटरमध्ये आहे. इथं फिरता रंगमंच नाही आणि यंत्रांशी जुळवून घ्यायचं नाही, त्यामुळे नवी रॉक्सी थोड्या आठवड्यांच्या तालमीत आत बसवता येते. निर्मात्यांनी हे फार लवकर ओळखलं. तसा पायंडा त्याहून जुना आहे. १९७५ मध्ये मूळ रॉक्सी ग्वेन व्हर्डन आजारी पडली तेव्हा काही आठवडे स्टार लायझा मिनेलीनं रॉक्सी केली होती.

आता स्टारच्या बाजूनं बोलतो आणि मनापासून बोलतो. मेलनी ग्रिफिथ (२००३), क्रिस्टी ब्रिंकली (२०११), पामेला अँडरसन (२०२२) अशी नावं रॉक्सीसाठी येत राहिली. याला नुसती गल्लाभरू युक्ती म्हणणं मला पटत नाही. रॉक्सीला प्रसिद्धी हवी आहे. तिच्याकडे गुण बेताचे आहेत आणि हाव मोठी. ज्या बाईनं वर्तमानपत्रांचा उजेड आणि नंतरचा अंधार दोन्ही प्रत्यक्ष सोसलं आहे, ती रॉक्सीचं लांबलचक स्वगत बोलू लागली की शब्दांना वेगळं वजन येतं. मी पाहिलेल्या दोघींपैकी एकीच्या वेळी प्रेक्षागृह त्या स्वगताला अक्षरशः श्वास धरून होतं. ती स्वतःबद्दलच बोलते आहे असं वाटलं. नेहमीच्या रॉक्सीकडून मला तो अनुभव तितका मिळाला नाही, हे सांगायलाच हवं.

मग कल का फिरला? प्रवेशाच्या टाळ्यांमुळे. कारण छोटं वाटेल, पण ते जरा सविस्तर सांगतो.

पहिलंच गाणं चालू असतं. नाटकातली दुसरी नायिका व्हेल्मा गात असते, समूह तिच्याभोवती सरकत असतो, आणि त्या गाण्याच्या पोटातच रॉक्सी आपल्या यारासोबत रंगमंचावर येते. या क्षणी तिला कुणीही ओळखत नाही. एका साध्या मेकॅनिकची बायको, एवढीच तिची ओळख. थोड्याच वेळात ती गोळी झाडणार आहे आणि त्या गोळीनंतर सगळं शहर तिचं नाव घेणार आहे. अनोळखी बाई नावारूपाला कशी येते हेच तर नाटक आहे. आणि माझ्या दोन्ही प्रयोगांत ती दिसताक्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या. व्हेल्माच्या ओळी त्यात बुडाल्या. ती बिचारी गातच राहिली, थांबणार कुठे? एकदा तर टाळ्या पुरत्या विरल्या नव्हत्या तोवर गोळी झाली. माझ्या शेजारच्या गृहस्थांना माणूस मेला हे नंतर कळलं. खून करण्याआधीच रॉक्सी प्रसिद्ध होऊन गेली, तर पुढच्या अडीच तासांत तिनं मिळवायचं काय? दोष प्रेक्षकांचा म्हणावा तर तेही बरोबर नाही. ज्या नावासाठी पैसे मोजले, ते नाव समोर आल्यावर हात आपोआप जुळतात. पहिल्या वेळी मीही टाळ्या वाजवल्या.

आणि म्हणूनच, स्टार रॉक्सीच्या वकिलाच्या, बिली फ्लिनच्या, भूमिकेत असेल तर माझी हरकत बरीच मवाळ होते. बिलीचा प्रवेशच मुळी वाजतगाजत आहे. मुली त्याच्या नावाचा घोष करतात, पिसांचे पंखे घेऊन सज्ज होतात, मग तो येतो. तिथं टाळ्या पडल्या तर त्या नाटकाच्या लयीतच पडतात. त्याला रॉक्सीइतकं नाचायचंही नसतं. २००६ मध्ये गायक अशरनं बिली केला होता. तशी एखादी तारीख तुमच्या मुक्कामात येत असेल तर खुशाल घ्या.

नेहमीच्या नटसंचाची ताकद पायांत आहे. शार्लट दाम्ब्वाझ, बियांका मारोकीन यांच्यासारख्या नर्तिका रॉक्सीच्या भूमिकेत वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येत राहिल्या, अॅम्रा-फे राइट व्हेल्माच्या. फॉसीचं नृत्य मनगटात, खांद्यात, आत वळलेल्या गुडघ्यात असतं. टोपीची कड दोन बोटांनी खाली ओढायची, बस्स. अगदी शेवटच्या जोडनृत्यात दोघी इतक्या एकसारख्या हलायला हव्यात की कुणाकडे बघावं ते कळू नये. स्टारच्या एका प्रयोगात व्हेल्मा जपून नाचते आहे असं मला जाणवलं. पाहुणी उघडी पडू नये म्हणून तिनं उडी आखूड केली असावी. माझा भास असेलही. पण त्यानंतर नेहमीच्या दोघींना तेच नृत्य करताना पाहिलं आणि व्हेल्माचे पाय केवढे मोकळे झाले होते! मला भरून आलं.

तिकिटाचं म्हणाल तर स्टारच्या आठवड्यांत दर चढतात. इतर वेळी टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाचं सवलतीचं तिकीट मिळण्याची शक्यता बरी असते. थिएटर ब्रॉडवेच्या मानानं फार मोठं नाही, त्यामुळे मागे बसलात तरी चालेल, पण अगदी कडेची जागा टाळा, वाद्यवृंदाची चौकट आड येते.

एक मात्र लक्षात ठेवा. आठवड्याला आठ प्रयोग होतात आणि ठरलेली नटी आठही करेलच असं नाही. त्या दिवशी कोण काय करणार आहे ते लॉबीतल्या फलकावर असतं, नाहीतर प्लेबिलमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या माहितीपुस्तिकेत, सरकवलेल्या चिठ्ठीवर. स्टारसाठीच जाणार असाल तर ती कोणत्या वारी सुट्टीवर असते ते आधी विचारून घ्या.

माझ्या पाचव्या खेपेला प्लेबिल उघडलं आणि तशी चिठ्ठी मांडीवर पडली. नेहमीची रॉक्सीही नव्हती, अंडरस्टडी, म्हणजे बदली नटी होती, एरवी समूहात नाचणारी मुलगी. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चिठ्ठी वाचून उसासा टाकला. पहिलं गाणं सुरू झालं, ती मुलगी आली, आणि ती आलीय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. व्हेल्माचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग गोळी झाली आणि उसासा टाकणाऱ्या त्याच बाई जागेवर दचकल्या.