डोळ्याच्या पडद्यावरील लेझर: दोन वर्षांच्या अनुभवानंतर

मधुमेहामुळे माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवू लागल्याचे तपासणीत आढळले, तेव्हा मला सगळे स्वच्छ दिसत होते. त्यामुळे लेझरचा सल्ला पचनी पडायला वेळ लागला. हा उपचार गेलेली नजर परत आणत नाही, आहे ती राखतो, आणि ते काम तो चोख करतो, असे आज मी खात्रीने सांगेन.

रक्तपुरवठा आटलेला पडद्याचा भाग प्राणवायूसाठी तळमळतो आणि नव्या वाहिन्या उगवण्यास चालना देणारी द्रव्ये सोडत राहतो. या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो, पुढे पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो. लेझरने पडद्याच्या कडेकडेला साधारण १२०० ते १६०० बारीक डाग दिले की तिथली प्राणवायूची गरज घटते आणि नव्या वाहिन्या हळूहळू सुकतात. मधली नजर वाचवण्यासाठी कडेची थोडी नजर खर्ची घालण्याचा हा व्यवहार आहे. अमेरिकेतील ‘डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी’ने १९७६ मध्येच दाखवून दिले होते की, अशा डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका लेझरमुळे निम्म्याहून अधिक कमी होतो.

माझ्या प्रत्येक डोळ्याला तीन बैठका लागल्या. भुलीचे थेंब टाकून डोळ्यावर जेल लावलेले भिंग बसवतात. हनुवटी टेकवून स्थिर बसायचे आणि हिरव्या प्रकाशाचे झपके सोसायचे. बहुतेक झपके नुसते दिपवतात, पण काही ठिकाणी डोळ्यामागे खोलवर कळ उठते. पहिल्या बैठकीनंतर समोरची पांढरी भिंत काही वेळ जांभळट दिसत होती, आणि तसे होऊ शकते हे कोणी आधी सांगितले नसल्याने मी घाबरून गेलो.

माझी खरी तक्रार तीच आहे. जिथे उपचार घेतला, तिथे संमतीपत्र हातात आले ते बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यानंतर, म्हणजे त्यावरचे एक अक्षरही वाचता येत नसताना. अंधारात दिसणे मंदावू शकते, हे त्यात लिहिलेले होते. मला ते उमगले अंधाऱ्या जिन्यात पायरी चुकल्यावर. हात कुशल होते, यंत्र उत्तम होते, पण हे दोन शब्द आधी बोलायला हवे होते.

डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांचा पर्याय आहे. त्यांनी कडेची नजर अधिक टिकते, आणि पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर बहुधा तीच आधी दिली जातात. मात्र त्यांच्या तारखा चुकल्या, तर आजार जोमाने उलटू शकतो. नेमाने जाणे मला जमणारे नव्हते, म्हणून मी लेझर निवडला आणि त्याचा पश्चात्ताप नाही. ज्यांना रात्री वाहन चालवावे लागते, त्यांनी मात्र थेंब टाकण्यापूर्वीच डॉक्टरांशी याविषयी सविस्तर बोलून घ्यावे.