कडेवरचं चित्र: पुस्तकाइतकंच जुनं घ्यावं की नंतरचं?

विक्रेता पुस्तकाचं साल सांगतो. चित्राचं साल तुम्ही विचारायचं, कारण फोर-एज पेंटिंगचा, म्हणजे पुस्तकाच्या पानांच्या कडांवर काढलेल्या चित्राचा, सगळा भाव त्यावर ठरतो. चामडी बांधणीचं जुनं इंग्रजी पुस्तक मिटलेलं असताना कडेला नुसता सोनेरी मुलामा दिसतो. पानं पंख्यासारखी सरकवली की खालून जलरंगातलं एखादं गाव, पूल किंवा पडका मठ वर येतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या एडवर्ड्स घराण्याने ही कला गाजवली. पारदर्शक चर्मपत्राच्या बांधणीचं १७८५ चं पेटंटही त्यांचंच. अशा कामाला इतिहासाचं वजन असतं, आणि किंमतही तशीच. अडचण अशी की त्या काळची बरीचशी चित्रं बिनसहीची आहेत, त्यामुळे पुस्तक कुणाकडून कुणाकडे गेलं याची कागदपत्रं नसतील तर ‘एडवर्ड्सचं’ हे फक्त विक्रेत्याचं म्हणणं.

दुसरा पर्याय म्हणजे १८०० च्या आसपासच्या पुस्तकावर विसाव्या शतकात काढलेलं चित्र. बाजारात हीच जास्त. दोन्ही बाजूंनी पानं सरकवून दोन वेगळी चित्रं दिसणारी पुस्तकं बहुतेक याच गटातली. यात लबाडी असतेच असं नाही: लंडनच्या चित्रकार मिस करी आपल्या अशा चित्रांवर क्रमांक घालत. असं उघडपणे नंतरचं म्हणून विकलेलं काम मला कागदपत्रांविना ‘अस्सल’ म्हणवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

पारख कशी करायची? रंग ताजे आहेत एवढ्यावरून काही ठरत नाही. मिटलेल्या पुस्तकात उजेड पोचत नाही, म्हणून जुनं चित्रही टवटवीत राहतं. विषय बघा. टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला; १८१० च्या काव्यसंग्रहावर तो दिसला तर निकाल लागलाच. मूळ पद्धतीत आधी रंग, मग सोनं. सोन्यावर रंगाचे ठिपके असतील तर चित्र मुलाम्यानंतरचं.

संग्रह करायचा, पुढे विकायचं, तर मालकीचा माग असलेलं जुनंच घ्या. कपाटातून काढून पाहुण्यांना दाखवायचं असेल तर नंतरचं. पण दर वेळी पानं वाकवल्याने बांधणीच्या सांध्यावर, म्हणजे पुठ्ठा पाठीला जुळतो तिथे, ताण येतो, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. तेव्हा चित्राच्या फोटोबरोबर सांध्याचा जवळून काढलेला फोटोही आधी मागवा.