बर्डीवरची जुनी पुस्तकं : प्रेमकथा घेताना शेवटचा फॉर्मा तपासा

वडीलधाऱ्यांच्या वैरात होरपळलेल्या कोवळ्या प्रेमाच्या कथा स्वस्तात जमवायच्या असतील, तर नागपूरच्या सीताबर्डीच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं उत्तम. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच ढिगात मिळतं, घासाघीस चालते.

मात्र प्रत नीट तपासा. फॉर्मा म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, तो बहुधा १६ पानांचा असतो. शिलाई सैल झाली की पहिला नाहीतर शेवटचा फॉर्मा आधी गळतो, आणि अशा कथेत शेवटची १६ पानं गेली म्हणजे सगळंच गेलं. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत नागपूरच्या उन्हात वाळते, मधोमध उघडली की पाठीत तडकते. शिवलेलीच घ्या.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या संक्षिप्त आवृत्त्या टाळा. पाचव्या अंकाचा दुसरा प्रवेश आधी उघडून बघा. साथीच्या भीतीने फ्रायर जॉन या साधूला घरात कोंडलं जातं, म्हणून ज्युलिएटचं मरण खोटं आहे हे सांगणारं पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही, हे तिथेच कळतं. हा एवढासा प्रवेश कापला की शेवट उगाच ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. सुरुवातीच्या १४ ओळीही हव्यातच. दोन घराण्यांच्या वैराबद्दल, ते जुनं आहे एवढंच त्या सांगतात. त्याचं कारण मूळ नाटकात कुठेच नाही. एखाद्या रूपांतरात जमिनीचा तंटा घुसडला असेल, तर ती प्रत सरळ परत ठेवा. का ते कुणालाच सांगता येऊ नये आणि तरी पोरांनी मरावं, यातच या नाटकाची धग आहे. ज्युलिएटला तर चौदावंही पूर्ण झालेलं नाही.

पावसाळ्यात घेतलेली प्रत कपाटात ठेवण्याआधी चार दिवस पंख्याखाली उघडी ठेवा.