एकच प्रश्न पाच वेळा: प्लेन्सबरोचं प्रिन्स्टन मेडिकल सेंटर

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रूट वन हायवेवरचं हे हॉस्पिटल आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. इतकी वर्षं ऑफिसला जाता-येता त्याची काचेची भिंत बघत होते, पण आत पाऊल टाकलं ते गेल्या सप्टेंबरात, सासूबाईंना घेऊन.

आई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय 74. तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, मग चालताना तोल जायला लागला. जवळच्या एका क्लिनिकात (नाव लिहीत नाही) 'व्हायरल आहे, भरपूर पाणी पाजा' असं सांगून परत पाठवलं. पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी मला विचारलं, "सिलिंडर आला का गं? कधीचा नोंदवलाय." आमच्याकडे विजेची शेगडी आहे. तशीच त्यांना गाडीत बसवून थेट इमर्जन्सी गाठली.

रक्तातलं सोडियम 117. असायला हवं 135 ते 145.

हे तसं गावातलं हॉस्पिटल. 2012 साली प्रिन्स्टन गावातून इथे हललं आणि 2018 पासून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेन मेडिसिन या हॉस्पिटलांच्या समूहात आहे. म्हणजे रोजची दुखणी इथे, आणि फारच अवघड काही निघालं तर फिलाडेल्फियाची मोठी हॉस्पिटलं पाठीशी. शिवाय हे शिकवणारं हॉस्पिटल. त्याचा अर्थ काय, ते पहिल्या रात्रीच कळलं.

"कोणकोणत्या गोळ्या घेता?" आधी नर्सने विचारलं. मग इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी. मग एका विद्यार्थ्याने वहीत बघत बघत. मग सिनियर रेसिडेंटने, म्हणजे इथेच काम करत पुढचं शिकणाऱ्या डॉक्टरने. आई एव्हाना जरा शुद्धीवर आल्या होत्या. "यांचं आपसात बोलणं नाही का?" मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पाचव्यांदा विचारायला आली ती इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट. इथे रेसिडेन्सी जुलैत सुरू होते, म्हणजे बाईंना कामाला लागून जेमतेम अडीच महिने. तिने प्रश्न जरा वेगळा टाकला: "गोळ्या बघायला मिळतील का? सगळ्या. पर्समधल्यासुद्धा." मी घरी जाऊन आईंचा स्टीलचा डबा आणला. तिने पलंगाच्या टेबलावर एकेक स्ट्रिप मांडली आणि भारतातली ब्रँडची नावं फोनवर शोधत प्रत्येकीत काय आहे ते लिहून काढलं. वीसेक मिनिटं गेली असतील. दोन स्ट्रिप तिने बाजूला काढल्या. दोन्ही बीपीच्या, दोन्हींत दोन-दोन औषधं एकत्र, आणि दोन्हींत लघवी वाढवणारी गोळी दडलेली: एकीत क्लोरथॅलिडोन, दुसरीत हायड्रोक्लोरोथायझाइड. एक वाईच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी साताऱ्याच्या. "जुने डॉक्टर आहेत, त्यांचं कसं मोडायचं?" म्हणून आई दोन्ही घेत होत्या. या गोळ्या लघवीवाटे सोडियमही बाहेर काढतात. वर आमचं भरपूर पाणी, म्हणजे उरलेलं आणखी पातळ.

सकाळी राउंडला मोठे डॉक्टर सगळा घोळका घेऊन आले. इंटर्नने केस मांडली आणि त्यांनी तिला आमच्यासमोरच प्रश्न विचारले. सोडियम किती वेगाने वाढवायचं? दिवसाला आठाच्या वर नाही. का? घाई केली तर मेंदूला इजा होते. त्या उलटतपासणीतून मला जेवढं कळलं तेवढं एरवी कुणी बसून समजावलं नसतं. म्हणून दर चार तासांनी रक्त, आणि पाणी दिवसाला लिटरभरच, मोजून.

खोलीबद्दल लिहायलाच हवं. इथे प्रत्येक पेशंटला स्वतंत्र खोली. ही इमारत बांधण्याआधी जुन्या हॉस्पिटलात नमुन्याची एक खोली उभारून त्यात खरे पेशंट ठेवून बघितले होते. त्या खोलीतल्या लोकांनी वेदनाशामकं 30 टक्के कमी मागितली, आणि जेवण तेच असूनही त्याला जास्त चांगलं म्हटलं! पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला कठडा आहे. तोल जाणाऱ्या बाईला त्याची किंमत विचारा. हात धुवायचं बेसिन पेशंटला दिसेल असं. आई दर येणाऱ्यावर नजर ठेवून, "धुतले हो याने." खिडकीशी घरच्यांसाठी सोफा आहे, मी तीन रात्री तिथेच काढल्या.

दुभाषा फुकट मिळतो, मागून घ्या. मला इंग्रजी येतं, पण लघवी-संडासाच्या गोष्टी सुनेमार्फत सांगायला आई लाजत होत्या. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "आपणांस मळमळ जाणवते आहे का?" आई म्हणाल्या, "ओकारी म्हणा की सरळ," आणि मग दोघींची चांगलीच जमली.

पैशाचं मात्र आधी बघून ठेवा. आमच्या व्हिजिटर विमा (इथे पाहुणे आलेल्यांसाठी काढतात तो) कंपनीने (हिचंही नाव नको) 'जुना आजार' म्हणून क्लेम आधी नाकारला. इंटर्नचीच ती यादी आणि डिस्चार्ज समरी जोडून नवरा चार महिने भांडला, तेव्हा बरेचसे पैसे सुटले. आईबाबांना बोलावण्याआधी पॉलिसीतली जुन्या आजाराची ओळ चष्मा लावून वाचा.

डिस्चार्जच्या दिवशी सोडियम 131 होतं. इंटर्नने यादीची एक प्रत आईंना दिली. ती त्यांनी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलीय, आणि दोन नावांखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'पाण्याची गोळी. बंद. वाईला सांगणे. साताऱ्यालाही.'