गॅसचा क्लेम काढून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून सांभाळा

शेगडीची रबरी नळी गळत होती, भडका उडाला आणि माझी वहिनी भाजली, गळा आणि उजवा हात कोपराच्या वरपर्यंत. जळीत वॉर्डाच्या बाहेर एक जण रोज घुटमळायचा, क्लेम सल्लागार म्हणे. दादाला त्याने गाठलं, वहिनीची चौकशी केली, चहा पाजला आणि सांगितलं की सिलेंडरच्या अपघाताला विम्याचे चाळीस लाख मिळतात, मोबाईलवर फिरणारा मेसेजही दाखवला. फक्त गॅस एजन्सीत जाऊ नका, ते केस दाबतात.

दादाने पंधरा हजार फाईलचे दिले, बिलं आणि डिस्चार्ज कार्ड ओरिजनल दिलं, सही केलेले दोन कोरे चेक दिले, वर क्लेमच्या रकमेतले तीस टक्के त्याला द्यायचे असं नोटरी केलेलं लिहून दिलं. त्या वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं हो, हे लोक तेच बघून येतात.

पण मला खरा संताप पैशांचा नाही. मांडीची कातडी काढून हाताला लावली होती, जखम भरल्यावर डॉक्टरांनी प्रेशर गारमेंट घालायला सांगितलं, म्हणजे तो घट्ट बाहीसारखा कपडा, चट्टा जाड होऊ नये म्हणून दिवसरात्र घालायचा, अंघोळीपुरताच काढायचा. हा बाबा म्हणाला सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीचा तपासणारा माणूस, येईपर्यंत घालू नका, चट्टा जेवढा जाड तेवढा क्लेम मोठा!! घरी येऊन बाही वर करायला लावून फोटो काढायचा. सर्व्हेअर काही आला नाही. कोपर आखडलं, आता वहिनीला त्या हाताने वेणी घालता येत नाही.

शेवटी मीच एजन्सीत गेलो तर तिथल्या मॅडमनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. विमा ऑइल कंपनीनेच काढलेला असतो, आपल्याला हप्ता नाही, एजंट लागत नाही, लेखी कळवायचं ते एजन्सीला आणि पुढे तेच कंपनीला कळवतात. मृत्यू झाला तर ६ लाख, उपचाराला माणशी जास्तीत जास्त २ लाख, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. आणि उपचाराचे पैसे बिलावर मिळतात, चट्ट्याच्या फोटोवर नाही. कुठले चाळीस लाख!

तो स्वतःला वकीलही म्हणवायचा. वकिलाला निकालाच्या रकमेत टक्का ठरवताच येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, हे मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कळलं. तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं.

आता बँकेत चेक स्टॉप केलेत, पोलिसांत अर्ज दिलाय, हॉस्पिटलने बिलांच्या शिक्का मारलेल्या नकला दिल्या (त्यासाठी पण हेलपाटे) आणि फाईल एजन्सीतून पुढे गेलीये. ते सल्लागार साहेब आमचा फोन उचलत नाहीत, पण परवा दुसऱ्याच नंबरवरून दादाला मेसेज आला, क्लेम पास झाला की आमचे तीस टक्के बाजूला ठेवा.